बिनहवेच्या ग्रहावर

“हवा हेच जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ आहे,” गुणवंतरावांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं आणि सायकलच्या पंपाचा दांडा वर ओढला.

“मंग भरून काऊन राह्यले?” ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडणाऱ्या त्यांच्या पत्नीने, गुणाबाईंनी, मान वर न करता विचारलं.

अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नांना उत्तर न देण्याची सवय गुणवंतरावांना शिक्षकाच्या नोकरीत लागली होती आणि निवृत्तीनंतर ती वाढली होती. त्यांनी पंप मारला. ट्यूब जेवढी हवा घेत होती तेवढीच इमानदारीने परत करत होती.

“आज शाळेत हेच सांगणार आहे पोरांना. ग्रहाला हवाच नसती तर? वादळ नाही, भांडण नाही, अफवा नाही. आवाजच नाही! आणि आग,” इथे ते थांबले आणि व्हॉल्व्हशी उगाच खटपट करू लागले, “आगही नाही. हवाच नाही तर जाळ पेटणार कुठून?”

“वणव्यावर काऊन नाई बोलत? दरसाली बोलता.”

“विषय शिळा झाला.”

“विषय व्हय,” गुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूप जरा जोरात झटकलं.

कोसमटोला हे गाव गोंडपिपरी तालुक्याच्या जंगलाला टेकून बसलेलं. अर्धं गाव धानाच्या बांध्यांकडे तोंड करून, अर्धं मोहाच्या झाडांकडे. गुणवंतराव पहिल्या अर्ध्यातले. पण वन समितीचे अध्यक्ष म्हणून दोन्ही अर्ध्यांना उपदेश करायचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि तो त्यांनी कधी गंजू दिला नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडावर दर वर्षी ते चावडीपुढे उभे राहून सांगत: मोहाखालचा पाला जाळू नका. फुलं वेचायला जमीन मोकळी लागते हे खरं, बापजादे जाळत आले हेही खरं. पण एका टोपलीपायी डोंगर पेटतो. पाला झाडून काढा. नाहीतर झाडाखाली जाळी बांधा, फुलं अलगद जाळीत पडतील. समितीकडे आलेल्या हिरव्या नायलॉनच्या जाळ्या त्यांनीच घरोघर वाटल्या. त्यांच्या स्वतःच्या वाट्याची जाळी गुणाबाईंनी माकडांच्या भीतीने वांग्यांवर टाकली होती. वांगी चांगली आली होती.

तर यंदा होळीनंतरच्या एका सकाळी, गुडघे दुखत असताना आणि आसपास कोणी नाही याची खात्री करून, गुणवंतरावांनी आपल्या मोहाखाली काडी ओढली. उघडलेल्या छत्रीएवढं गोल जाळायचं, बस. विझवायला हातात पळसाची डहाळी तयार होती; सगळं शास्त्रशुद्ध होतं. मग नाल्याकडून वारा आला. छत्रीचा मांडव झाला. त्यांनी डहाळीने झोडपलं, तर डहाळीच पेटली, आणि अध्यक्ष पळाले. घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हा डावी भुवई अर्धीच उरली होती. नंतर गाव धावलं तेव्हा तेही सर्वांबरोबर गेले आणि विझवणाऱ्यांना सूचना दिल्या. दुपारी आग आटोक्यात आली, पण समितीने लावलेली बांबूची रोपं नाल्यापर्यंत राख झाली होती.

भुवईचं कोणी विचारलंच तर गॅसचा भडका उडाला असं सांगायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कोणी विचारलं नाही. यावरून ती कोणाच्या लक्षातच आलेली नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वनपाल साहेबांना मात्र नाव हवं होतं. सभा बसली, अध्यक्षस्थानी गुणवंतराव. बराच वेळ कोणी बोलेना. सगळे अध्यक्षांकडे पाहत होते. सभेत अध्यक्षांकडेच पाहायचं असतं. अध्यक्ष पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते. वाक्य घशापर्यंत आलं होतं. लहानसंच होतं, तीन शब्दांचं. पण आयुष्यभर मोठी वाक्यं बोललेल्या माणसाला एवढं लहान वाक्य कुठून धरून बाहेर काढावं ते समजेना.

शेवटी मागून पत्रू मडावी उठला. पत्रू त्या हंगामापुरता वनखात्याकडे अग्निरक्षक म्हणून लागलेला. गावात त्याला फायर वाचर म्हणत. जंगलात फिरायचं आणि धूर दिसला की धावायचं. त्या दिवशी आगीपाशी सगळ्यांच्या आधी पोचला होता तो, आणि सगळ्यांच्या शेवटी परतला होता.

“माझं लिहा,” तो म्हणाला. “विडी पडली असन माझी.”

पत्रू विडी ओढत नाही. पत्रू तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो. हे कोसमटोल्यातल्या बकऱ्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण वनपालांना ठाऊक नव्हतं, आणि गुणवंतरावांच्या छातीवरून एवढा मोठा धोंडा खाली उतरला की ते ताडकन उभे राहिले आणि विडीच्या दुष्परिणामांवर बोलले. चांगलं बोलले. फुफ्फुसांचा आकार हातांनी हवेत काढून दाखवला. पत्रूचं काम गेलं. त्याच्या जागी गुणवंतरावांचा पुतण्या हेमराज लागला.

धोंडा संध्याकाळपर्यंत परत आला, आणि आता तो जागचा हलत नव्हता.

शाळेकडे जाताना सायकल त्यांना हातात धरूनच न्यावी लागली. पारावर हेमराज फायर वाचरचं नारिंगी जाकीट घालून मोबाईल पाहत लोळला होता.

“काका, लय गरम होते या जाकिटात,” तो म्हणाला. “पत्रू कसा घालत होता काय मालूम!”

“जंगलात जा,” गुणवंतराव म्हणाले.

“जंगल कुठी पळून राह्यलं?”

जाकीट त्याच्या पोटावर बसत नव्हतं. खांद्यापाशी जळाल्याची एक काळी खूण होती. ती हेमराजची नव्हती. गुणवंतरावांनी नजर फिरवली आणि सायकल पुढे ढकलली.

दप्तराविना शनिवार असल्यामुळे पोरं व्हरांड्यात मोकळ्या हातांनी बसली होती आणि मोकळ्या हातांनी जे करता येतं ते सगळं करत होती. मुख्याध्यापिका इंदुताईंनी दोनदा टाळ्या वाजवून शांतता मिळवली.

“डोळे मिटा,” गुणवंतराव म्हणाले. “आता समजा, आपल्या या पृथ्वीवरची सगळी हवा काढून घेतली. फुग्यातली काढतो तशी.”

आयुष नावाच्या एका पोराने फुग्याचा आवाज काढला. नुसता फुग्याचा नव्हे, अशी व्हरांड्याला शंका आली आणि हशा पिकला.

“तो आवाजसुद्धा येणार नाही,” गुणवंतराव म्हणाले.

व्हरांडा हळहळला. इथून पुढे मात्र पोरं ऐकू लागली, कारण गुणवंतराव शिकवायचे खरोखर चांगलं. आभाळ निळं राहणार नाही, ते म्हणाले, भर दुपारी तव्याच्या बुडासारखं काळं दिसेल. सूर्य डोक्यावर, आणि सूर्याशेजारीच चांदण्या, सगळं एका वेळी. पहाट नाही. तिन्हीसांज नाही. उजेड वाट पाहायला लावत नाही, बटन दाबल्यासारखा येतो आणि तसाच जातो. उन्हात पाय ठेवाल तर भाजेल, तिथेच दगडाच्या सावलीत सराल तर हाडं गोठतील. नाल्यातलं पाणी आधी उकळेल, मग उडून जाईल, आणि त्याचा ढगही होणार नाही. झाडावरून पान आणि दगड एकदम सुटले तर एकदमच खाली येतील.

“आन मोहाचं फूल?” एका पोरीने विचारलं.

“तेही. खड्यासारखं सरळ.”

“आन वास?”

“वास नाही. वास आणणारी हवाच नाही.”

पोरांना त्या ग्रहाची प्रथमच दया आली. मोहाचा वास नसलेला चैत्र त्यांना डोळे मिटूनही दिसेना.

“आता हे ऐका. आभाळातून रोज खडेधोंडे आपल्या दिशेने येत असतात. हवा त्यांना वरच्यावर जाळून टाकते. तारा तुटला म्हणतो ना आपण, ते हेच. हवा नसेल तर ज्याच्यासाठी निघालेला धोंडा त्याच्याच डोक्यावर. मध्येच झेलायला कोणी नाही.”

बोलून झाल्यावर ते वाक्य त्यांना स्वतःला ऐकू आलं. त्यांनी ग्लासातलं पाणी प्यायलं. ग्लास रिकामा झाला होता तरी आणखी एक घोट घेतला.

“चंद्रावर अशीच स्थिती आहे,” ते घाईने पुढे गेले. “तिथे माणूस चालला त्याची पावलं अजून तशीच आहेत. वारा नाही, पाऊस नाही. पुसणार कोण?”

“चप्पल कोणाची होती ते बी दिसते?” आयुषने विचारलं.

“दिसतं.”

“आन आग?”

“आग लागत नाही. काडी ओढली तरी टिकणार नाही.”

“मंग तिथी फायर वाचरचं कामच नाई!”

हसू फुटलं आणि मध्येच मोडलं. माना एकेक करून तिसऱ्या रांगेकडे वळल्या, जिथे पत्रूची सातवीतली लेक दीपिका बसली होती. तेवढ्यात मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “आन भुवई बी नाई जळणार.”

“ए! गप!” इंदुताई ओरडल्या.

कोणाची भुवई, हे इंदुताईंनी विचारलं नाही. हसलंही कोणी नाही. गुणवंतरावांचा हात कपाळाकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्या वाटेवरून वळवून चष्म्याकडे नेला.

दीपिका उभी राहिली. कुडत्याची कड बोटाला गुंडाळत तिने विचारलं, “गुरुजी, तिथी लय जोरानं बोललं तरी ऐकू नाई येत?”

“नाही.”

“एकदम जवळ उभं राह्यलं तरी?”

“तरी नाही. मध्ये हवाच नाही ना बेटा.”

“मंग तिथल्या माणसाइनं एकमेकाले सांगायचं कसं?”

गुणवंतरावांना तिथे थांबता आलं असतं. तास संपत आला होता. पण विज्ञानाच्या बाबतीत त्यांनी कधी खोटं शिकवलं नव्हतं. एवढी एक जागा त्यांच्याकडे स्वच्छ उरली होती.

“एक उपाय असतो,” ते म्हणाले. “डोक्यावर काचेचा टोप असतो ना, तो समोरच्याच्या टोपाला टेकवायचा. अगदी टेकवायचा. मग आवाज त्यातून जातो. बारीक जातो, पण जातो.”

“म्हणजे आपणच जावं लागते त्याच्यापाशी,” दीपिका म्हणाली आणि खाली बसली.

इंदुताईंनी आभार मानले, गुलाबाचं फूल दिलं, चहा सांगितला. चहा येईपर्यंत गुणवंतराव फाटकाबाहेर गेले होते. सायकल व्हरांड्यालाच टेकलेली राहिली.

शाळेमागून पायवाट जंगलात शिरते. थोडं वर गेलं की डाव्या हाताला जळालेला उतार लागतो. गुणवंतराव या दिवसांत तिकडे फिरकले नव्हते. राख वाऱ्याने बरीच उडाली होती. बांबूच्या काळ्या खुंटांमधून कुठे कुठे हिरवं टोक डोकावत होतं. त्यांना ते पाहून बरं वाटायला हवं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि उजवीकडच्या वाटेने, पत्रूच्या मोहाकडे चालू लागले. वाटेत त्यांनी तीन शब्दांचं ते वाक्य म्हणून पाहिलं. मग त्याला प्रस्तावना जोडली. मग परिस्थितीचा आढावा जोडला. झाडापाशी पोचेपर्यंत ते भाषण झालं होतं.

मोहाखालची जमीन शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ झाडलेली होती. पत्रू आणि त्याची बायको सुकरी ओणव्याने फुलं वेचत होती. टोपली फिकट पिवळ्या फुलांनी भरत आली होती आणि गोड, जड वास सगळीकडे बसून राहिला होता.

“या गुरुजी,” पत्रू कंबर सरळ करत म्हणाला. “शाळेत भाषन होतं म्हणे.”

“झालं.”

“विडीवर?” सुकरीने खालूनच विचारलं.

“नाही. हवेवर.”

“बरं झालं,” सुकरी म्हणाली.

गुणवंतरावांनी घसा साफ केला. प्रस्तावना आठवेना. आढावाही गेला. ते पत्रूच्या जवळ गेले, मग आणखी जवळ गेले, इतके की पत्रूने भांबावून एक पाऊल मागे घेतलं. गुणवंतराव तेवढेच पुढे सरले. पत्रूच्या तोंडाला खर्ऱ्याचा वास येत होता.

“आग मी लावली,” ते म्हणाले.

पत्रूने बाजूला वळून थुंकलं, तोंड पुसलं.

“हो जी,” तो म्हणाला.

“हो म्हणजे?”

“हो म्हणजे हो. तुमीच लावली.”

“तुला माहीत होतं?”

“मले एकट्याले काऊन? इसरू तिकडे दातून तोडून राह्यला होता. त्यानं तुमाले पळताना पाह्यलं. चांगले पळता जी गुरुजी, गुडघे दुखते म्हणता तरी.” पत्रू खरंच कौतुकाने बोलत होता. “मंग इसरूनं बायकोले सांगतलं. मंग काय रायते!”

“म्हणजे सगळ्यांना?”

“हेमराजले नसन मालूम. तो मोबाईल पाहते.”

गुणवंतरावांनी झाडाच्या खोडाला हात लावला. सभेतली तोंडं त्यांना एकेक करून आठवली. इसरू पुढच्या रांगेत बसला होता. इंदुताई खिडकीपाशी होत्या. गुणाबाई बायकांच्या मागे, पदर तोंडाशी धरून.

“मग सभेत कोणी बोललं का नाही?” त्यांचा आवाज चिरकला. “एकानं तरी म्हणायचं होतं!”

पत्रूला हा प्रश्न अवघड वाटला नाही, पण उत्तर द्यायला तो संकोचला. त्याने खाली वाकून दोन फुलं उचलली, टोपलीत टाकली.

“तुमी बोलान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो,” तो म्हणाला. “तुमी बोलता न नेहमी. सगळे म्हणे, गुरुजी उठतीन, सांगतीन. लय वेळ थांबलो. साहेबाची गाडी बाहेर चालूच होती, साहेब म्हणे नाव द्या नाईतर समिती बंद करतो. मंग मी म्हटलं, माझं लिहा. आता तरी गुरुजी उठतीन.”

त्याने टोपली जरा पुढे सरकवली.

“उठले बी तुमी.”

वरून एक फूल पडलं. टप्. त्यामागून दुसरं. गुणवंतराव ते आवाज ऐकत उभे राहिले. जंगलात एवढे आवाज होते: लांब कुठे कुऱ्हाड चालत होती, शाळेतली पोरं सुटल्याचा कल्ला चढावरून वर येत होता, सुकरीच्या बांगड्या टोपलीच्या काठाला लागत होत्या. पत्रू पुन्हा फुलं वेचू लागला होता. तो रागावला नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना. रागावला असता तर समजूत काढता आली असती.

“सांगतो मी,” गुणवंतराव म्हणाले. “आजच सांगतो. गोंडपिपरीला जातो, साहेबांपुढे उभा राहतो. तुझं काम तुला परत. हेमराजच्या अंगावरून ते जाकीट मी स्वतः काढतो. सभा बोलावतो, पत्रूभाऊ! सगळ्या गावाला बोलावतो, आणि सर्वांच्या साक्षीने, उभं राहून, मी…” त्यांचा हात वर गेला होता, आवाज चढू लागला होता, चावडीपुढे चढायचा तसाच.

“सांगजा, गुरुजी,” सुकरी म्हणाली. ती वेचत वेचत पुढे आली होती आणि तिची बोटं त्यांच्या चपलेपाशी येऊन थांबली होती. “पन पहिले पाय उचला. फुलं चेंगरून राह्यले.”